शिक्षण अर्ध्यावर असताना घरचे उत्पन्न घटले, तर अमेरिकेतील कॉलेजकडे वाढीव मदत कशी मागावी

मूल अमेरिकेतील कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना आईवडिलांपैकी एकाची नोकरी जाते, एखादे मोठे आजारपण निघते, घटस्फोट होतो किंवा घरातील कर्ते माणूसच दगावते. अशा वेळी बहुतेक मराठी कुटुंबे आधी बचत मोडतात, मग कर्ज काढतात आणि शेवटी, फार जड मनाने, एखादे सत्र सोडून देण्याचा विचार करतात. कॉलेजला परिस्थिती कळवून मदतीचा फेरविचार मागावा, हे बहुधा फार उशिरा सुचते. घरची अडचण परक्यांपुढे मांडणे आपल्याला कमीपणाचे वाटते हे त्याचे एक कारण. पहिल्या वर्षी ठरलेली मदत चारही वर्षे तशीच राहते हा गैरसमज दुसरे. प्रत्यक्षात ही मदत दरवर्षी नव्याने ठरते आणि वर्षाच्या मध्यावरही ती बदलता येते, मात्र त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः, लेखी आणि पुराव्यानिशी तशी विनंती करावी लागते. ती कशी करावी हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. अमेरिकेची ही व्यवस्था ज्यांना नवी आहे, अशा पालकांना आणि विद्यार्थ्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

मदतीचा हिशेब कोणत्या उत्पन्नावर झाला आहे, ते आधी समजून घ्या

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मदतीसाठी विद्यार्थी दरवर्षी जो अर्ज भरतो त्याचे नाव 'फ्री ॲप्लिकेशन फॉर फेडरल स्टुडंट एड' असे असून सगळे त्याला 'फाफ्सा' म्हणतात. या अर्जात आजचा पगार विचारला जात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या करविवरणपत्रातील आकडे त्यात घेतले जातात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते करखात्याकडून थेट येतात. 2026–27 या शैक्षणिक वर्षाच्या फाफ्सात 2024 सालचे उत्पन्न मोजले जाते. म्हणजे ऑक्टोबर 2025 मध्ये वडिलांची नोकरी गेली असली, तरी ऑगस्ट 2026 मध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी हिशेबात ते अजून पूर्ण पगारावर आहेत. या आकड्यांवरून 'स्टुडंट एड इंडेक्स' हा निर्देशांक काढला जातो. 2024–25 पासून तो जुन्या 'अपेक्षित कौटुंबिक योगदाना'च्या जागी आला असून तो उणे 1,500 पर्यंत उतरू शकतो. निर्देशांक जितका कमी, तितकी विद्यार्थ्याची गरज जास्त धरली जाते.

जुने आकडे आणि आजची स्थिती यांत तफावत पडू शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यातील कलम 479-ए नुसार कॉलेजच्या आर्थिक साहाय्य अधिकाऱ्याला, एकेका विद्यार्थ्याची परिस्थिती पाहून आणि कागदोपत्री पुरावा घेऊन, हे आकडे बदलण्याचा अधिकार आहे. या अधिकाराला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. डिसेंबर 2020 मध्ये संमत झालेल्या फाफ्सा सुलभीकरण कायद्याने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर घातली: अशा सर्व विनंत्या सरसकट नाकारण्याचे धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि अशी विनंती करता येते हे विद्यार्थ्यांना कळेल अशा रीतीने जाहीर करावे लागते. त्यामुळे विनंती करताना ओशाळण्याचे काहीच कारण नाही. ज्या अधिकाऱ्याकडे तुम्ही जाल, त्याच्या कामाचाच हा एक भाग आहे.

आपण कोणत्या गटात बसतो, ते ठरवा

केंद्र सरकारची मदत अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि कायद्याने पात्र ठरवलेल्या आणखी काही बिगरनागरिकांना मिळते. येथे पाहिले जाते ते विद्यार्थ्याचे नागरिकत्व, पालकांचे नव्हे. आईवडील एच-1बी व्हिसावर असले, पण मूल अमेरिकेत जन्मलेले असले, तर ते मूल पूर्णपणे पात्र आहे. नोकरी गेल्यावर नवी मिळेना म्हणून पालक भारतात परतले आणि मूल येथे शिकत राहिले, तरीही पात्रता जात नाही. फक्त पालकांचे भारतातील उत्पन्न डॉलरमध्ये रूपांतरित करून अर्जात भरावे लागते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकालाही फाफ्सासाठी खाते उघडता येते.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. पालक परदेशी राहतात किंवा फी भरायला तयार नाहीत, एवढ्यावरून विद्यार्थी 'स्वतंत्र', म्हणजे ज्याच्या हिशेबात पालकांचे उत्पन्न धरले जात नाही असा, ठरत नाही. छळ, पालकांशी पूर्ण ताटातूट किंवा पालक तुरुंगात असणे अशा असाधारण कारणांसाठी वेगळी तरतूद आहे. उत्पन्न घटलेल्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये. त्यात वेळ जातो आणि खरी विनंती मागे पडते.

एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) किंवा एच-4 (एच-1बीधारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वरील विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही. त्यांच्यासाठीचे पर्याय पुढे वेगळे दिले आहेत.

पहिल्या काही दिवसांत करायच्या गोष्टी

सर्वांत आधी विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला ईमेल करावा. विद्यार्थ्याने, पालकाने नव्हे. 1974 च्या शैक्षणिक गोपनीयता कायद्याने, म्हणजे ज्याला 'फर्पा' म्हणतात त्या कायद्याने, कॉलेजातील विद्यार्थ्याच्या नोंदींवरचे हक्क त्याचे स्वतःचे असतात. वडिलांनी फोन केला तर कार्यालय त्यांना सर्वसाधारण माहिती देईल, पण मुलाच्या खात्याविषयी बोलायला बहुधा नकार देईल. पालकांनीही बोलणे आवश्यक असेल, तर विद्यार्थ्याने कॉलेजच्या पोर्टलवरून तशी लेखी परवानगी आधीच देऊन ठेवावी.

या पहिल्या ईमेलमध्ये सगळी कहाणी लिहू नये. घरच्या उत्पन्नात मोठा बदल झाला आहे, 'विशेष परिस्थिती'च्या आधारे मदतीचा फेरविचार व्हावा अशी इच्छा आहे, त्यासाठी आपल्या कॉलेजचा अर्ज कोणता, सोबत कोणती कागदपत्रे लागतात आणि निर्णयाला साधारण किती वेळ लागतो, एवढेच विचारावे. प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा असतो. काही ठिकाणी त्याला 'उत्पन्न घट अर्ज' म्हणतात, काही ठिकाणी 'फेरविचार विनंती' किंवा 'अपील'.

त्या वर्षाचा फाफ्सा भरलेला नसेल, तर तो लगेच भरावा. पूर्वी उत्पन्न चांगले होते म्हणून अनेक घरांत तो कधी भरलेलाच नसतो. परंतु फाफ्साशिवाय अधिकाऱ्याला बदलण्यासाठी आकडेच नसतात. केंद्र सरकारची अंतिम मुदत शैक्षणिक वर्ष संपताना, 30 जूनला असते, पण राज्यांच्या आणि कॉलेजांच्या मुदती तिच्या कितीतरी आधी संपतात. फाफ्सा भरायला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे तो भरून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. अर्जात जुने उत्पन्न जसे होते तसेच लिहावे. आजची परिस्थिती वाईट आहे म्हणून विचारलेल्या वर्षाचा आकडा स्वतःहून कमी करणे ही चूक आहे, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास 20,000 डॉलरपर्यंत दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो.

कॉलेजने अर्जाची पडताळणी मागितली असेल, म्हणजे 'व्हेरिफिकेशन'साठी निवड झाली असेल, तर ती आधी पूर्ण करावी लागते. ती अपुरी असेपर्यंत फेरविचाराला हात लावता येत नाही. अनेक विनंत्या महिना-महिना पडून राहतात त्या याच कारणाने, आणि विद्यार्थ्याला वाटत राहते की कार्यालय दाद देत नाही.

याच दिवसांत दुसरा ईमेल शुल्क विभागाला, म्हणजे 'बर्सर' किंवा 'स्टुडंट अकाउंट्स' कार्यालयाला करावा. ही दोन कार्यालये वेगळी असतात आणि एकाला सांगितलेले दुसऱ्याला कळेलच असे नाही. शुल्क थकले की खात्यावर 'होल्ड' लागतो, पुढच्या सत्राची नोंदणी अडते, आणि काही कॉलेजांत घेतलेले विषयही रद्द होतात. फेरविचाराची विनंती दाखल केली आहे हे कळवून, निर्णय होईपर्यंत होल्ड लावू नये अशी विनंती करावी, आणि मासिक हप्त्यांची सोय आहे का तेही विचारावे. बहुतेक कॉलेजांत ती थोड्या नोंदणी शुल्कात मिळते व तिच्यावर व्याज नसते.

कोणती कारणे ग्राह्य धरली जातात

कायद्यात जी उदाहरणे दिली आहेत त्यांत नोकरी किंवा उत्पन्न यांतील बदल, घर गमावणे, विम्यात न बसणारा औषधोपचार, दंतोपचार किंवा शुश्रूषागृहाचा खर्च, लहान मुलांच्या अथवा अवलंबून असलेल्या व्यक्तीच्या सांभाळाचा खर्च, धाकट्या भावंडांचे शालेय शुल्क, घरातील आणखी कोणी कॉलेजात शिकत असणे आणि विद्यार्थ्याचे किंवा कुटुंबातील व्यक्तीचे गंभीर अपंगत्व यांचा समावेश आहे. यादी तेवढ्यावर संपत नाही. पालकाचा मृत्यू, घटस्फोट किंवा विभक्त होणे, धंद्यातील मोठी घसरण आणि दोन वर्षांपूर्वी एकदाच मिळालेली मोठी रक्कम ही कारणेही अधिकारी विचारात घेतात.

भावंडांचा मुद्दा आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या सूत्रात दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की अपेक्षित योगदान विभागले जाई. 2024–25 पासून ती सवलत सूत्रातून गेली. ती आपोआप मिळत नाही, पण अधिकाऱ्यापुढे मांडता येते. धाकटी बहीण याच वर्षी कॉलेजात गेली असेल, तर विनंतीत तसे स्पष्ट लिहावे.

याउलट, क्रेडिट कार्डाची थकबाकी, गाडीचा हप्ता, विजेची बिले, सहलीचा खर्च असा रोजच्या राहणीमानाचा खर्च ग्राह्य धरला जात नाही. भारतातील आईवडिलांना दरमहा पाठवायचे पैसे आपल्या दृष्टीने टाळता न येणारे असतात, पण कायद्यातील उदाहरणांत ते बसत नाहीत. त्यांचा उल्लेख करायला हरकत नाही, मात्र संपूर्ण विनंती त्यांच्यावर उभी करू नये.

कागदपत्रे जमवणे

अधिकाऱ्याला तुमची दया येऊन चालत नाही. लेखापरीक्षणात टिकेल असा पुरावा त्याच्या फाइलमध्ये असावा लागतो. म्हणून पत्राच्या भाषेपेक्षा कागद अधिक काम करतात, आणि या पायरीला सर्वांत जास्त वेळ देणे योग्य ठरते.

नोकरी गेली असेल, तर कंपनीचे सेवासमाप्तीचे पत्र, त्यावरील तारीख, शेवटची पगारपावती, नुकसानभरपाई म्हणून एकरकमी मिळालेल्या रकमेचा तपशील आणि बेकारी भत्ता मंजूर किंवा नामंजूर झाल्याचे राज्य सरकारचे पत्र लागते. एकरकमी भरपाई लपवण्याचा मोह टाळावा. ती पुढे करविवरणपत्रात दिसतेच, आणि तेव्हा आधीच्या प्रत्येक आकड्यावर शंका येते. पगार कमी झाला असेल, तर जुन्या व नव्या पगारपावत्या जोडाव्यात. स्वतःचा व्यवसाय असेल तर गेल्या दोन वर्षांची विवरणपत्रे आणि चालू वर्षाचा नफा-तोट्याचा मासिक तक्ता द्यावा. धंद्यातील घसरण कागदावर दाखवणे नोकरी जाण्यापेक्षा अवघड असते, म्हणून लेखापालाची सही असलेले निवेदन उपयोगी पडते. आजारपणात विमा कंपनीने काय दिले आणि तुम्ही खिशातून काय भरले, हे दाखवणारी विवरणे हवीत. नुसती रुग्णालयाची बिले पुरत नाहीत. मृत्यूच्या बाबतीत मृत्यूचा दाखला, आणि विभक्त होण्याच्या बाबतीत न्यायालयाचे कागद किंवा दोन वेगळ्या पत्त्यांचा पुरावा लागतो.

पालक भारतात परतले असतील, तर तेथील नेमणूकपत्र आणि पगारपावत्या यांचे आकडे डॉलरमध्ये करून, कोणत्या तारखेचा विनिमय दर धरला ते लिहून द्यावे. कागद मराठीत किंवा हिंदीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे.

यांखेरीज एक पानाचा तक्ता स्वतः तयार करावा. डावीकडे फाफ्सात मोजलेल्या वर्षाचे उत्पन्न, उजवीकडे चालू किंवा येत्या बारा महिन्यांचे अपेक्षित उत्पन्न, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या जोडपत्रावरून आला त्याचा क्रमांक. सत्राच्या सुरुवातीला या कार्यालयांवर कामाचा मोठा ताण असतो. ज्या फाइलमध्ये आकडे शोधावे लागत नाहीत, तिच्यावर निर्णय देणे सोपे जाते.

पत्र कसे लिहावे

पत्र विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत लिहावे आणि ते एका पानात बसवावे. सुरुवातीलाच काय घडले आणि कधी घडले हे सांगावे, नंतर आधीचे व आताचे आकडे द्यावेत, मग किती रक्कम कमी पडते ते लिहावे आणि शेवटी नेमकी मागणी करावी. पत्राचा आशय साधारण असा असेल: 'मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. माझ्या वडिलांची नोकरी 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. 2024 मध्ये आमच्या कुटुंबाचे उत्पन्न 1,38,000 डॉलर होते. 2026 मध्ये आईचा 46,000 डॉलर पगार आणि वडिलांचा सुमारे 9,000 डॉलर बेकारी भत्ता मिळून 55,000 डॉलर अपेक्षित आहेत. पुढच्या वर्षाच्या खर्चात मला 11,000 डॉलर कमी पडतात. 2024 ऐवजी 2026 चे अपेक्षित उत्पन्न धरून माझ्या मदतीचा फेरविचार व्हावा, ही विनंती.'

कमी पडणारी रक्कम लिहायला संकोचू नये. 'जमेल तेवढी मदत करावी' या वाक्यातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. 11,000 डॉलर या आकड्यावरून तो अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवरील काम यांची जुळणी करू शकतो. घासाघीस केल्याचा सूर मात्र पत्रात नसावा. अमुक कॉलेज जास्त देत होते असा दाखला प्रवेशाच्या वेळी कदाचित चालतो, पण शिक्षणाच्या मध्यावर, परिस्थितीच्या आधारे केलेल्या विनंतीत तो अस्थानी ठरतो. दुःखाचे लांबलचक वर्णनही नको. घडलेली गोष्ट गंभीर असेल, तर ती साध्या वाक्यांतही पोचते.

पाठवल्यावर पोच मागावी, सर्व कागदांची प्रत जवळ ठेवावी आणि दिलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर नम्रपणे आठवण करावी. शक्य असल्यास समुपदेशकाची भेट घ्यावी, कारण समोरासमोर बोलताना कॉलेजच्या अशा काही निधींची माहिती मिळते जी संकेतस्थळावर सहज सापडत नाही. दरम्यान परिस्थिती पुन्हा बदलली, उदाहरणार्थ वडिलांना कमी पगाराची का होईना पण नोकरी मिळाली, तर तेही कळवावे.

सीएसएस प्रोफाइल मागणारी कॉलेजे

अनेक खासगी कॉलेजे आपला स्वतःचा निधी वाटण्यासाठी कॉलेज बोर्डाचा 'सीएसएस प्रोफाइल' हा दुसरा अर्जही मागतात. त्यात प्रश्न अधिक खोलात जाणारे असतात. फाफ्सात राहते घर आणि निवृत्तीची खाती मोजली जात नाहीत. सीएसएस प्रोफाइल मागणारी काही कॉलेजे मात्र राहत्या घराची किंमतही विचारात घेतात. भारतातील गुंतवणुकीचा फ्लॅट किंवा जमीन दोन्ही अर्जांत दाखवावी लागते. अशी मालमत्ता वादात अडकली असेल किंवा भावांमध्ये सामाईक असेल, तर तुमचा हिस्सा किती आणि तो आज का विकता येत नाही, हे कागदांसह समजावून सांगावे. या कॉलेजांत फेरविचारासाठी बहुधा दोन्ही हिशेब नव्याने केले जातात.

निर्णयाकडून काय अपेक्षा ठेवावी

विनंती मान्य झाली की निर्देशांक खाली येतो, पण त्यातून प्रत्यक्ष किती पैसे मिळतील हे कॉलेजवर अवलंबून असते. विद्यार्थ्याची संपूर्ण गरज भागवण्याचे वचन देणारी श्रीमंत खासगी कॉलेजे आपल्या निधीतून अनुदान वाढवतात, आणि तेथे फरक हजारो डॉलरचा असू शकतो. राज्य विद्यापीठांत स्वतःचा निधी तुलनेने तोकडा असतो. तेथे मुख्य लाभ पेल अनुदानाचा (गरजू विद्यार्थ्यांसाठीचे केंद्र सरकारचे अनुदान), राज्याच्या अनुदानाचा आणि सरकार व्याज भरत असलेल्या कर्जाचा होतो. 2025–26 साठी पेल अनुदानाची कमाल रक्कम 7,395 डॉलर आहे. ती परत करायची नसते, परंतु उत्पन्न 55,000 डॉलरवर आले म्हणजे ती पूर्ण मिळेलच असे नाही. कुटुंबातील माणसांची संख्या आणि मालमत्ता यांवर ते ठरते. कॅलिफोर्नियातील कॅल ग्रांट, न्यूयॉर्कमधील टॅप, न्यू जर्सीतील टीएजी आणि इलिनॉयमधील मॅप या राज्यांच्या योजना आहेत, आणि फेरविचारानंतर त्यांत काय बदलते हे कार्यालयाला स्वतंत्रपणे विचारावे. गुणवत्तेवर दिलेली शिष्यवृत्ती गरज वाढली म्हणून वाढत नाही.

कॉलेजचा निर्णय अंतिम असतो. त्याविरुद्ध केंद्रीय शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही, आणि एका कॉलेजने मान्य केलेला बदल दुसऱ्या कॉलेजला बांधील नसतो. तरीही नकार आला तर कारण विचारावे. पुरावा अपुरा असल्याने नकार दिला असेल, तर नवा कागद जोडून पुन्हा विचार करायला सांगता येते.

मदत पुरेशी नसेल तर

कॉलेजकडे तातडीचा निधी आहे का ते आधी विचारावे. अनेक ठिकाणी काही शे डॉलरची अनुदाने लवकर मिळतात, आणि पदवी जवळ आलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही विद्यापीठांत वेगळे अनुदान असते. आपल्या विभागाच्या शिष्यवृत्त्या पाहाव्यात, कारण त्यांच्यासाठी अर्ज करणारे फक्त त्याच विभागातील असतात. वसतिगृहात मदतनीस म्हणून नेमणूक झाली, तर राहण्याचा आणि पुष्कळदा जेवणाचाही खर्च वाचतो, आणि चार वर्षांच्या खर्चात तो वाटा मोठा असतो. ट्यूशन भरल्यावर 'अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी' कर सवलतीतून वर्षाला 2,500 डॉलरपर्यंत कर वाचू शकतो, आणि कर देय नसला तरी त्यातील 1,000 डॉलरपर्यंत परत मिळू शकतात. ही सवलत एका विद्यार्थ्यासाठी चार वर्षेच मिळते.

कर्ज घ्यावेच लागले, तर आधी विद्यार्थ्याच्या नावावरचे केंद्र सरकारचे कर्ज घ्यावे. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500 आणि पुढे दरवर्षी 7,500 डॉलर, मिळून एकूण 31,000 डॉलरपर्यंत ते मिळते. पालकांच्या नावावरचे 'पेरेंट प्लस' कर्ज केवळ नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि पात्र बिगरनागरिक पालकांना मिळते. नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी 1 जुलै 2026 पासून त्यावर प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरची मर्यादा येते.

पतइतिहासामुळे पालकाचे प्लस कर्ज नाकारले गेले, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या दोन वर्षांत वार्षिक 4,000 आणि त्यानंतर 5,000 डॉलर जादा मिळू शकतात. पालक एच-1बीवर असल्याने हे कर्ज घेऊच शकत नसतील, तरीही अधिकाऱ्याला ही जादा रक्कम मंजूर करता येते. ती मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या एच-1बी पालकांनी हा प्रश्न जरूर विचारावा. खासगी बँकेचे कर्ज सर्वांत शेवटी घ्यावे. त्याला जामीनदार लागतो, व्याजदर अनेकदा बदलता असतो, आणि परतफेडीत अडचण आली तर सरकारी कर्जासारख्या सवलती मिळत नाहीत.

पैशासाठी 401(के) या नोकरीतील निवृत्ती-बचतीच्या खात्याला हात लावण्यापूर्वी थांबावे. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर करासोबत सहसा 10 टक्के दंड पडतो. शिवाय ती रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि दोन वर्षांनी फाफ्सात अवतरून मदत कमी करते. काढावीच लागली, तर ती एकदाच आलेली रक्कम असल्याचे त्या वर्षीच्या विनंतीत लिहावे.

एफ-1 आणि एच-4 वरील विद्यार्थी

भारतातून आलेल्या एफ-1 विद्यार्थ्याने प्रथम आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याला भेटावे. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष एफ-1 दर्जावर झाले असेल आणि अनपेक्षित, आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडचण आली असेल, तर 'गंभीर आर्थिक अडचण' या आधारे कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. खर्च करणाऱ्या नातेवाइकाची स्थिती बिघडणे, मोठा वैद्यकीय खर्च आणि चलनाच्या दरातील मोठी घसरण ही कारणे नियमातच दिली आहेत. अधिकाऱ्याची शिफारस घेऊन आय-765 हा कामाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते, आणि परवाना हाती येण्यापूर्वी एक दिवसही काम करता येत नाही. फी वाचवण्यासाठी विषय कमी करणे एफ-1 विद्यार्थ्याने कटाक्षाने टाळावे. पैशाची अडचण हे कमी विषय घेण्याचे मान्य कारण नाही, आणि त्याने व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

एच-4 वरील मुलांची स्थिती त्याहून कठीण आहे, कारण त्यांना कॅम्पसवरही काम करता येत नाही. त्यांच्यासाठी कॉलेजचा स्वतःचा निधी, खासगी शिष्यवृत्त्या आणि त्या राज्यात लागू असल्यास स्थानिक रहिवाशांचा कमी शुल्कदर एवढेच मार्ग उरतात. पालकाची नोकरी गेल्यावर एच-1बीला साधारणपणे 60 दिवसांपर्यंतची सवलत असते आणि मुलाचा एच-4 तिच्याशी बांधलेला असतो, म्हणून फीच्या आधी व्हिसाबाबत इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

शिक्षण थांबवण्याचा विचार असेल तर

सत्राच्या मध्येच कॉलेज सोडणे हा सर्वांत महागडा पर्याय ठरू शकतो. सत्राचा 60 टक्के काळ पूर्ण होण्याआधी सोडल्यास केंद्र सरकारच्या मदतीचा न मिळवलेला भाग परत जातो, आणि तेवढी रक्कम कॉलेज विद्यार्थ्याकडून मागू शकते. निम्म्यापेक्षा कमी विषय घेतले किंवा शिक्षण थांबवले, की बहुतेक सरकारी कर्जांची सहा महिन्यांची सवलतीची मुदत चालू होते. सोडलेले आणि नापास झालेले विषय 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती'च्या हिशेबात मोजले जातात, आणि ती अट मोडली तर पुढची मदत बंद होऊन तिच्यासाठी वेगळे अपील करावे लागते. घरच्या संकटामुळे गुण घसरले असतील, तर तेच कारण त्या अपिलात सांगता येते.

त्यापेक्षा चालू सत्र पूर्ण करून पुढच्या सत्राची अधिकृत रजा घेणे, किंवा उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात काही विषय करणे बरे. ते विषय आपल्या पदवीसाठी धरले जातील, हे मात्र विभागाकडून आधी लेखी घ्यावे.

पुढच्या वर्षी

मिळालेला फेरविचार त्या एका वर्षापुरता असतो. पुढचा फाफ्सा 1 ऑक्टोबरच्या सुमारास उपलब्ध होतो. तो लवकर भरून, उत्पन्न अजून सावरले नसेल तर नव्या कागदांसह पुन्हा विनंती करावी. 2025 मधील कमी उत्पन्न 2027–28 च्या फाफ्सात आपोआप दिसेल. 2026–27 मध्ये मात्र अर्जात 2024 चा जुना पगारच दिसतो, त्यामुळे त्या वर्षीची विनंती चुकवता कामा नये.